सहाची रिंग

सकाळी सहा वाजता मी ताईला एक रिंग द्यायची. तिने फोन उचलायचा नाही. नुसता वाजू द्यायचा, खिडकीपाशी सतरंजी टाकून बसायचं आणि डोळे मिटायचे. इकडे मीही माझ्या घरी तसंच बसायचं. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सहा वाजून दहा मिनिटांनी मी दुसरी रिंग द्यायची, की दोघींनी डोळे उघडायचे. आम्ही शहराच्या दोन टोकांना राहतो, बसने पाऊण तास लागतो. ही युक्ती ताईचीच. "घड्याळ तू सांभाळ," ती म्हणाली होती. "तू शास्त्रवाली. मी एकदा डोळे मिटले की मला वेळ कळत नाही."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नळाचं, विहिरीचं, टाकीचं पाणी बाटल्यांतून येतं आणि त्यात काय आहे, काय नाही, ते आम्ही आकड्यांत लिहितो. तिथे मला माझ्या मागे 'दशांश' म्हणतात, कारण दशांश चिन्हानंतरचा आकडा कुणी गाळलेला मी चालवून घेत नाही. एकदा एका सहकाऱ्याने नोंदवहीत तीनचा आठ केला होता, गिरवून. मी त्याचं आठवड्याचं सगळं काम परत करायला लावलं. "चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची," मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. "खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, सही आणि तारीख. चूक दिसू द्यायची असते." तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरी मिठाच्या डब्यालाही नोंदवही असणार." सगळे हसले. मीही हसले. खरं तर मला ते आवडलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका सकाळी काम करता करता माझी छाती धडधडायला लागली. हातातल्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे होते आणि रंग बदलला की थांबायचं होतं. रंग बदलून गेला तरी माझा हात थांबला नाही. खूप दिवस झोप नव्हती, चहा सहा-सहा कप होत होता, दोन माणसांचं काम एकटीवर आलं होतं. मी स्टुलावर बसले ती अर्धा तास उठलेच नाही.

आमच्या डॉक्टरीणबाई ताईलाही ओळखतात, ताईला चार वर्षांपासून बीपीची गोळी त्यांनीच दिलेली. त्यांनी माझं बीपी पाहिलं. वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस, खालचा चौऱ्याण्णव. "गोळी लगेच नको," त्या म्हणाल्या. "तीन महिने देते. रोज अर्धा तास चाला. सकाळी दहा मिनिटं सावकाश श्वास. चहा दोनच कप. झोपण्याआधी पाय कोमट पाण्यात आणि फोन दुसऱ्या खोलीत. आणि रोज सकाळी बीपी मोजून वहीत लिहा. लिहायचं तुम्हाला काय सांगायचं म्हणा!"

ताई माझ्याबरोबर आली होती. बाहेर पडल्या पडल्या म्हणाली, "मीही करते. एकटी तू कंटाळशील."

"तुला कुठे सांगितलंय?"

"मला बीपी नाही का? मला तर तुझ्याआधीपासून आहे. मोठी आहे मी."

मी मोजायचं मशीन घेतलं. तिलाही एक घेऊ म्हटलं, तर तिने हात झटकला. "मला कशाला वेगळं? आपलं माप एकच."

हे ती सहज बोलली, पण तिच्या लेखी ते खरं होतं. ताईचं शिवणाचं दुकान आहे. गेली पंचवीस वर्षं माझे कपडे तीच शिवते आणि माझ्या अंगाला तिने कधी टेप लावलेली नाही. स्वतःला लावते, आकडा वहीत लिहिते आणि कापते. खांदा, बाही, कंबर, उंची, सगळं बसतं. आमच्या प्रयोगशाळेचे पांढरे ॲप्रनही ती शिवते. बाकी दहा जणांची मापं ती येऊन घेते, माझं घेत नाही. बाकीचे तिला विचारतात तेव्हा म्हणते, "हिचं माप मी रोज अंगावर वागवते."

पहिले एकोणीस दिवस मी सगळं केलं. पहाटे उठून चालले. सहाला रिंग देऊन बसले. चहा दोन कपांवर आणला आणि तीन दिवस डोकं धरून फिरले. सकाळी मशीनचा पट्टा दंडाला बांधून आकडे लिहिले. ते थोडे उतरत होते, अगदी थोडे. एकशे बेचाळीस, एकशे शेहेचाळीस, परत एकशे एकेचाळीस. दर रविवारी मी पानाचा फोटो ताईला पाठवायचे.

विसाव्या दिवशी सकाळी उठवेना. प्रयोगशाळेची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. मोजायचं राहिलं. एकविसाव्या दिवशी मोजलं आणि विसाव्याची जागा रिकामी दिसली. रिकामी जागा मला बघवत नाही. एकोणिसावा आणि एकविसावा यांच्या मधला आकडा काढून मी तिथे लिहिला. यात खोटं असं फार नाही, असं मला वाटलं. बाविसाव्या दिवशी मी मशीन कपाटातून काढलंच नाही.

खोटे आकडे कसे असतात, हे मला नोकरीमुळे माहीत आहे. खोटं लिहिणारा माणूस सगळं गुळगुळीत उतरवत नेतो. त्याचे आकडे फार शहाण्यासारखे वागतात, त्यांत एकही वाईट दिवस नसतो. मी वाईट दिवस ठेवले. एका गुरुवारी एकशे चव्वेचाळीस लिहिलं आणि शेजारी 'झोप कमी' असा शेरा मारला. महिन्याभरात मी स्वतःला एकशे तीसच्या खाली आणलं. कुणी तपासायला आलं असतं तर ते पान पास झालं असतं. मीच पास केलं असतं.

चालणं बंद झालं. चहा पाच कपांवर गेला. आणि सहाची रिंग? ती मी दिली. रोज दिली. सहाचा गजर लावला होता. तो वाजला की अंथरुणातूनच ताईला एक रिंग द्यायची आणि कूस बदलायची. दुसरा गजर सहा वाजून दहा मिनिटांचा. मधली दहा मिनिटं माझी झोप सगळ्यात गाढ असायची.

माझा नवरा एकदा म्हणाला, "सहाला फोन लावतेस आणि परत घोरतेस. हा कुठला व्यायाम?"

"डोळे मिटूनच करायचा असतो," मी म्हटलं.

तो हसत उठला. मी भिंतीकडे तोंड केलं.

ताई मात्र दर रविवारी फोटो बघून फोन करायची. "उतरलं की गं! एकशे अठ्ठावीस! बघ, मी म्हटलं नव्हतं?" तिच्या आवाजात इतका आनंद असायचा की मी फोन जरा कानापासून लांब धरायचे. "मला हल्ली पडल्या पडल्या झोप लागते. गिऱ्हाईकावर खेकसत नाही मी. कालच एकीने चौथ्यांदा गळा मोठा करून मागितला, मी हसून दिला. काजवाली म्हणाली, आज तुम्हाला बरं नाही का?"

काजवाली म्हणजे तिच्या दुकानात काजं-बटणं करणारी बाई. तोंडाची फटकळ, हाताची बारीक. त्या बुधवारी अकरा वाजता फोन आला तो तिचा.

"या लवकर. तुमच्या ताईच्या नाकातून रक्त येतंय, थांबेना."

मी त्या दिवशी रजेवर घरीच होते. मशीन पिशवीत घातलं. घरून निघताना ते रोज कपाटात दिसायचं, पण हात लावून महिना उलटून गेला होता. बस मिळाली.

ताई शिवणयंत्रापाशी खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. काजवालीने तिच्या कपाळावर ओला फडका ठेवला होता. समोर टेबलावर माझा नवा ॲप्रन होता, एक बाही लावायची राहिलेली. त्याच्या छातीवर रक्ताचे सात-आठ थेंब, एक मोठा डाग.

"मान मागे नाही, पुढे घे," मी म्हटलं आणि तिचं नाक चिमटीत धरलं. "तोंडाने श्वास घे. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं मला सवयीची आहेत," ताई नाकातून बोलली. काजवाली म्हणाली, "गप्प बसा की आता. रक्त थांबलं तरी जीभ थांबायची नाही."

रक्त थांबलं. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं आणि थांबलं. एकशे अठ्ठ्याऐंशी, खालचा एकशे दहा. मी पाच मिनिटांनी परत घेतलं. एकशे शहाऐंशी.

"मशीन बिघडलंय तुझं," ताई म्हणाली.

"गोळी घेतलीस आज?"

ती काजवालीकडे बघायला लागली. काजवाली सुईत दोरा ओवत होती, मान वर न करता म्हणाली, "सांगा आता. मला न सांगायची शपथ घातलीत, तुम्हाला कुणी नाही घातली."

"बंद केली," ताई म्हणाली. "दहा दिवस झाले. एकदम नाही केली, आधी आठवडाभर अर्धी घेतली. मी काही अडाणी नाही."

"का?"

"का म्हणजे? तुझं एवढं उतरलं, तेही गोळीशिवाय. तू करतेस तेच मी करते. उलट मी तुझ्यापेक्षा जास्त चालते. मग मला कशाला गोळी? तीन महिने झाले की डॉक्टरीणबाईंना दोघींचं एकदम दाखवणार होते. तुलाही चकित करणार होते."

मी पट्टा सोडवला. त्याचा तो कापडाचा चर्र आवाज दुकानभर झाला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, आधी दवाखान्यात जाऊ."

ताईने निघताना मापाची वही उचलली. जाड पुठ्ठ्याची, गिऱ्हाइकांच्या खांद्या-कमरांनी भरलेली. बसमध्ये ती पिशवी मांडीवर धरून बसली होती. मी खिडकीतून बाहेर बघत मनात वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्यात काम होतं, तपासणी होती, थकवा होता. मी कुठल्याच वाक्यात नव्हते.

गोळी बंद केल्याचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं, एक गोळी दिली आणि आतल्या खोलीत अर्धा तास आडवं केलं. मी तिच्या उशाशी ताटकळत उभी राहिले. अर्ध्या तासाने आकडा एकशे सत्तरवर आला. मग आम्ही तिघी टेबलाशी बसलो आणि ताईने वही उघडून पुढे सरकवली.

पानावर तिच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं होतं: दोघींचं माप. खाली माझे आकडे. दर रविवारच्या फोटोवरून तिने ते एकेक उतरवून घेतले होते, तारखेसकट, परवाच्या रविवारपर्यंत. 'झोप कमी' हा माझा शेराही तिने उतरवला होता.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. "हे तर छान आहे. एकशे सव्वीस, एकशे अठ्ठावीस... घरी इतकं चांगलं असताना आज एकदम इतकं? रक्त बघून घाबरला असाल. तसं असेल तर पहिल्याइतकी गोळी नको, कमीने सुरू करून बघू." त्यांनी पेन उचललं.

"ते ताईचे नाहीत," मी म्हटलं. "माझे आहेत."

"असं होय?" पेन थांबलं. "मग यांचे कुठे आहेत?"

"माझे वेगळे नाहीत," ताई म्हणाली. "माझं मोजलंच नाही. तिचं उतरलं म्हणजे माझं उतरणारच. एका आईच्या आहोत."

"अहो, कपडा आहे का तो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण तुमचे उत्तम आहेत हं. शाबास."

इथे मी थांबू शकले असते. ताईला तिची पूर्ण गोळी मिळणार होती, माझ्या वहीचं कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी खरंच थांबले. बाहेर कुणीतरी खोकलं तेवढा वेळ.

ताई म्हणाली, "बघा ना. म्हणजे श्वासाने उतरतं. आजचं त्या मशीनचंच काहीतरी असणार. मी म्हणते, अजून एक महिना गोळीशिवाय..."

"ताई, ते खोटे आहेत."

"काय खोटं?"

"आकडे. मी मोजलेच नाहीत. मनाने लिहिले."

ताई हसली. तिला वाटलं, मी तिने गोळी घ्यावी म्हणून बोलतेय. "चल! तू? तू मनाने लिहिशील? तुझ्या हातून दशांश सुटत नाही."

मी डॉक्टरीणबाईंकडून पेन मागून घेतलं. वही माझ्याकडे ओढली. विसाव्या दिवसाच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली. शेजारी सही केली, तारीख घातली. खरा आकडा लिहायला माझ्याकडे नव्हता, म्हणून 'मोजला नाही' असं लिहिलं. मग एकविसावा सोडून बाविसावा. मग तेविसावा. ताई वाकून बघत होती.

"हा का सोडलास?" तिने एकविसाव्यावर बोट ठेवलं.

"तो खरा आहे."

तिने बोट काढून घेतलं. एकोणचाळीस रेघा, एकोणचाळीस सह्या. दहा-बारा झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुरे, समजलं." पण मला थांबता येईना. आणि खरं सांगायचं तर त्या रेघा मारतानाही त्या सरळ येताहेत की नाही ते मी बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी माझंही बीपी घेतलं. एकशे चोपन्न. त्या रागावल्या नाहीत. "श्वास चालूच ठेवायचा," त्या ताईला म्हणाल्या. "तुमची झोप सुधारली, चिडचिड गेली, ते खरंच आहे, ते फुकट गेलेलं नाही. पण गोळीही चालूच ठेवायची. त्या दोघांचं काही भांडण नाही. आणि मोजायचं स्वतःच्या दंडावर." मला म्हणाल्या, "तुमचे तीन महिने आजपासून परत. या वेळी वही घेऊन येऊ नका. नुसत्या तुम्ही या."

परत येताना बसमध्ये ताई खिडकीशी बसली. तीन थांबे गेले.

"रागव ना," मी म्हटलं.

"आकड्यांचं काय," ती बाहेर बघत म्हणाली. "मला आकड्यांतलं काय कळतं! रिंग द्यायचीस ती?"

"द्यायचे ना. रोज."

"आणि मग?"

मी सांगितलं. दोन गजर, अंथरूण, कूस बदलणं, सगळं. सांगताना माझे कान तापले होते.

ताई बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. "मला बसल्यावर दोन मिनिटांनी कंटाळा यायचा," ती म्हणाली. "गुडघे दुखायचे. उठावंसं वाटायचं. मग मी म्हणायचे, ती बसलीय ना तिकडे. एवढी दमते, तरी बसलीय. मी उठले तर ती एकटी पडेल." तिने बंद सोडला. "रोज हेच म्हणायचे मी. आणि तू झोपलेली."

तिचा थांबा आला. मीही उठायला लागले तर म्हणाली, "मला रस्ता माहीत आहे." उतरली आणि मागे न बघता दुकानाच्या दिशेने चालायला लागली, नेहमीसारखी भराभर. मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं असावं. तिने चाल कमी केली.

मशीन मी तिच्या दुकानातच ठेवून आले होते. काजवालीने संध्याकाळी फोन करून सांगितलं, गोळी घेतली, आकडा एकशे साठ. दुसऱ्या दिवशी एकशे छप्पन्न. "मी स्वतः बघते आणि भिंतीवर खडूने लिहिते," ती म्हणाली. "वहीत नाही लिहीत." हा टोमणा होता की नुसती माहिती, ते मी विचारलं नाही.

मी माझ्यासाठी दुसरं मशीन आणलं. गुरुवारी सहाला उठून बसले आणि ताईला रिंग दिली. मग दहा मिनिटं मोजत राहिले, चार आत, सहा बाहेर. ती बसली असेल का, याच विचारात मोजणी तीनदा चुकली. ते कशावरून कळणार? रिंग तर आपल्याकडून जाते, पलीकडून काहीच येत नाही. ती महिनाभर याच्यावरच विश्वास ठेवून होती. शुक्रवारीही तसंच. शनिवारीही. आकडे एकशे बावन्न, एकशे पंचावन्न, एकशे एकावन्न. फोटो मी पाठवला नाही.

रविवारी सहाला मी रिंग दिली आणि फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून तो उचलला गेला.

"ताई?"

"बसलीस?"

"हो."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. खाली, दाराशी."

थोडा वेळ नुसता तिच्या घरातला पंखा ऐकू आला. मग ती म्हणाली, "फोन ठेवू नकोस. तोंडापाशी धर. मला ऐकू येऊ दे."

मी फोन ओठांजवळ धरला आणि श्वास आत घेतला. मला एवढ्या जोराचा आवाज होईलसं वाटलं नव्हतं. चार आत, सहा बाहेर. पलीकडे ती हलक्या आवाजात आकडे मोजत होती, माझे. पाचव्या-सहाव्या श्वासाला माझा श्वास अडखळला. ती मोजायची थांबली, मी परत सुरू केल्यावर तिने परत एकपासून धरलं. दहा मिनिटं ती तशी मोजत राहिली, आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, कारण ते उघडले असते तर समोर कुणी नसूनही मला वर बघता आलं नसतं.